एका घरात दोन प्रेशर

कोकंद शहराच्या अलीकडे, कालव्याला लागून असलेल्या त्या मोहल्ल्यात प्रेशर, म्हणजे वाढलेला रक्तदाब, कुणालाही होत नसे. त्याला पात्रता लागे. दोन-तीन मुलांची लग्नं उरकलेली असावीत, हाताखाली निदान एक सून असावी आणि हसल्यावर सोन्याचे दात दिसावेत. एवढं जमलं की बाईला प्रेशर शोभायला लागे. मग बायकांच्या बैठकीत, पुलावाचं ताट मध्ये ठेवून, एकेक जण आपापला आकडा काढी. "माझं परवा दीडशेवर गेलं होतं," एक म्हणे. "माझं तर त्याच्याही वर होतं, पण मी मेली कुणाला सांगत नाही," असं दुसरी भरल्या बैठकीत सांगे. जिचं प्रेशर बरोबर निघे ती बिचारी मान खाली घालून पुलावातली गाजरं वेचत बसे.

होसियत आपांचं आसन या दरबारात सगळ्यांत वरचं. त्यांच्याकडे नुसतं प्रेशर नव्हतं, मशीनही होतं. थोरला मुलगा रशियात बांधकामावर होता, त्यानं आईला पाठवलेलं. ते मखमलीच्या पिशवीत, दुलयांच्या उंच चळतीवर ठेवलेलं असे, आणि ते खाली उतरवायचं तर आधी टीव्ही बंद व्हायचा, कोंबड्या हाकलल्या जायच्या आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास धरायचा. आपा दंड पुढे करत. मशीन घुरघुरे. एकशेपन्नास आलं की आपांच्या चेहऱ्यावर अशी काही तृप्ती पसरे, की वाटे, पोरगा बोर्डात पहिला आला.

मुअत्तर ही त्यांच्या धाकट्या मुलाची, सरवरची बायको. चोविशीतली पोर. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पोटात आठवा महिना. घरातलं सगळं करून उरलेल्या वेळात ती टोप्यांवर भरतकाम करायची. काळ्या कापडावर पांढऱ्या धाग्याचे चार बदाम, तिकडचे पुरुष डोक्यावर घालून मिरवतात त्याच टोप्या. हात सुरेख होता. जीभही होती, पण नव्या सुनेनं ती वापरायची नसते. सासूला "ओयी" म्हणायचं, नजर खाली ठेवायची, आवाज त्याहून खाली. म्हणून मुअत्तर सगळी उत्तरं मनातल्या मनात द्यायची. तिथं ती अगदी फटकळ होती.

आठव्या महिन्यात मुअत्तर सुजायला लागली. आधी पाय, मग हात, मग तोंड. घोट्याचं हाड कुठे गेलं ते कळेना. स्वतःच्या चपला होईनात म्हणून ती सरवरच्या रबरी चपला घालून अंगणभर फटक-फटक करत फिरायची. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. आणि मोहल्ला? मोहल्ला खूष!

"होसियत आपा, सुनेला नजर लागेल हो! चेहरा कसा तंदुरातून काढलेल्या नानासारखा फुललाय!"

"आमच्या घरचं अन्न अंगी लागतंय," आपा म्हणायच्या. "आली तेव्हा काय होती? खराट्याची काडी!"

अन्न फक्त घोट्यालाच कसं लागतं ओयी, मुअत्तर मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, "हो ओयी."

मग डोकं दुखायला लागलं. साधं नाही. कपाळाच्या मागे कुणी तांब्याची कढई ठोकत बसल्यासारखं. आणि भरतकाम करताना काळ्या कापडावर पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या. आधी तिला वाटलं, धाग्याचाच भास. मग तिनं टोपी खाली ठेवली. ठिणग्या भिंतीवर गेल्या.

"ओयी, डोकं फार दुखतंय हो. चार दिवस झाले."

"डोकं?" आपा म्हणाल्या. "तुझ्या वयात मला डोकं आहे हेच ठाऊक नव्हतं."

ते अजून कुठे ठाऊक आहे, मुअत्तर मनात म्हणाली.

पण पोटात मूल होतं, आणि भीती मनात ठेवून भागत नाही. तिनं धीर केला. "मशीनवर एकदा माझं पण बघू या का?"

आपा इतक्या हसल्या की दातांचं सोनं सगळं दिसलं. "शोइरा, ऐकलंस का? तुझ्या वहिनीला प्रेशर हवंय! अगं पोरी, प्रेशर यायला आयुष्य काढावं लागतं. संसार करावा लागतो. काल आली आणि आज प्रेशर मागते!"

शोइरा म्हणजे आपांची मुलगी, विशीची. तीही हसली, पण अर्धवट. तिचं लग्न ठरत होतं, आणि लवकरच कुणाच्या तरी घरी सुजल्या पायांना बसतील अशा चपला तिलाही शोधायच्या होत्या.

असं नाही की सरकारला काळजी नव्हती. मोहल्ल्याची नर्स घरोघर फिरते, गरोदर बायकांना बघते. ती त्याच आठवड्यात आली. आपांनी तिला बसवलं, चहा दिला, खडीसाखर दिली, आणि विचारलं, "आलीच आहेस तर माझं जरा बघ." नर्सनं बघितलं. मग शेजारची आली, "माझंही बघ." मग तिची जाऊ. मुअत्तर किटली घेऊन उभी होती तोवर नर्सची वेळ संपली. जाता जाता तिनं मुअत्तरच्या पायाकडे नजर टाकली, बोटानं नडगी दाबली, खड्डा पडला तो तसाच राहिला. "सोमवारी दवाखान्यात ये," ती गंभीरपणे म्हणाली. "लघवी तपासू, प्रेशर बघू. विसरू नकोस हं. नक्की ये."

"येईल, येईल," आपा म्हणाल्या. "पण सोमवारी नको. सोमवारी आमच्याकडे पाहुणे आहेत."

पाहुणे म्हणजे शोइराच्या होणाऱ्या सासरचे. मुलाची आई बिबिसोरा आपा. बाजारात रेशमाचं दुकान चालवणारी, कापड न मोजता नजरेनं सांगणारी बाई. यापूर्वी दोनदा येऊन गेली होती, चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून. सोमवारी नान मोडायचा होता. एकदा दोन्ही घरांनी मिळून नान मोडला की सोयरीक पक्की, मग आभाळ कोसळलं तरी लग्न होतं.

सोमवार उजाडला तो मुअत्तरच्या बरगडीखाली कळ घेऊनच. उजवीकडे, अगदी वर. ओकारी आली. काल खाल्लेला समोसा बाधला असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. सरवर परसात पुरुषांबरोबर पुलावाच्या कढईपाशी होता. ती तिथवर गेली आणि म्हणाली, "अहो, मला बरं वाटत नाही." सरवर स्वभावानं वाईट नव्हता, फक्त आईचा होता. "आजचा दिवस काढ ना," तो म्हणाला. "उद्या नेतो. देवाशपथ उद्या."

जमिनीवर जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरला. बदाम, बेदाणे, डाळिंबं, मध्ये नानांची जोडी. आणि चहा ओतायला अर्थातच सून. आता चहा ओतणं हे काम दिसतं तसं सोपं नाही. पाहुण्याला प्याला अर्धाच द्यायचा असतो. जितका कमी तितका मान, कारण पुन्हा पुन्हा भरायची इच्छा आहे असा त्याचा अर्थ. काठोकाठ भरलेला प्याला दिला तर अर्थ एकच, प्या आणि चालू लागा. शिवी दिली तर एकवेळ माणूस विसरेल, भरलेला प्याला नातवंडांना सांगतो.

मुअत्तरनं बिबिसोरा आपांचा प्याला हातात घेतला. तिला प्याले दोन दिसले. किटल्याही दोन. समोर सगळीकडे त्या ठिणग्या. तिनं डोळे बारीक करून मधोमध नेम धरला आणि ओतत राहिली. ओततच राहिली. चहा काठाला आला, काठावरून बशीत गेला, बशीतून बिबिसोरा आपांच्या गुडघ्यावर.



बिबिसोरा आपांनी प्याल्याकडे पाहिलं. मग होसियत आपांकडे. "बरं," त्या सावकाश म्हणाल्या. "कळलं. उठतो आम्ही."

"अगं बाई! मुअत्तर! डोळे कुठे ठेवलेस गं?"

"ओयी, मला... दोन दोन दिसतंय."

"दोन दिसतंय म्हणे! मग दोन्ही अर्धे भरायचे होतेस!" आपांनी छातीवर हात ठेवला. "विहीणबाई, बसा हो, तुम्हाला माझी शपथ. अशी सून मिळाल्यावर माझं काय होत असेल बघा. चढलं. माझं चढलं! शोइरा, मशीन आण!"

मशीन आलं. कोंबड्या गेल्या. सगळ्यांनी श्वास धरला. मशीन घुरघुरलं आणि म्हणालं, एकशेअठ्ठावीसवर ब्याऐंशी.

इतका लाजिरवाणा आकडा त्या घरात कधी आला नव्हता. "बॅटरी उतरलीय," आपा पुटपुटल्या.

"आता हिचं बघा," बिबिसोरा आपा म्हणाल्या.

"हिचं? अहो, ती पोर आहे! तिला कुठलं प्रेशर?"

"हे बघा, अपमान झालाय तो माझा," बिबिसोरा आपा म्हणाल्या, अगदी दुकानात भाव सांगावा तशा. "तो या पोरीनं केला की हिच्या दुखण्यानं केला, ते मला कळलं पाहिजे. उद्धट असेल तर मी निघते. आजारी असेल तर बसते. मधलं मला चालायचं नाही."

मुअत्तरच्या सुजलेल्या दंडावर पट्टा कसाबसा बसला. मशीननं फुगून फुगून हात आवळला, थांबलं, पुन्हा फुगलं, जणू त्याचाच विश्वास बसेना. मग आकडा आला. एकशेशहाऐंशी. खाली एकशेअठरा.

"बिघडलंच ते," होसियत आपा म्हणाल्या.

बिबिसोरा आपांनी पट्टा काढून स्वतःच्या दंडाला बांधला. एकशेवीसवर ऐंशी. पुन्हा मुअत्तरला बांधला. एकशेनव्वद.

होसियत आपा आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांचा आजवरचा उच्चांक एकशेपासष्टचा, तोही थोरल्याच्या लग्नाच्या धामधुमीतला. तो वर्षानुवर्षं सांभाळला होता त्यांनी. "या घरात इतकं कधी कुणाला आलं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती, नाही असं नाही. पण थोडी तक्रारही होती. मग त्या सावरल्या. "बरं, नेऊ या हिला दवाखान्यात. सरवर नेईल. पण आधी नान मोडून घेऊ. समोर ठेवलेला नान तसाच टाकून उठणं चांगलं नाही. काय तासाभराचा प्रश्न."

मुअत्तर भिंतीला टेकून बसली होती. बरगडीखाली कळ येत होती, जात होती. पोटातलं मूल सकाळपासून फारसं हललं नव्हतं हे तिला तेव्हा आठवलं, आणि तिच्या मनातली फटकळ बाई पहिल्यांदाच गप्प झाली.

बिबिसोरा आपांनी ओला गुडघा रुमालानं टिपला. रुमालाची घडी घातली. "मोडू की नान," त्या म्हणाल्या. "आणि विहीणबाई, तुम्ही शोइराची काही काळजी करू नका. माझ्या घरी मी तिला अगदी अशीच जपेन. अश्शीच. नुसती बघत राहा."

होसियत आपांनी मुअत्तरकडे पाहिलं. मग शोइराकडे. मग पुन्हा मुअत्तरकडे. त्या दोन पोरींच्या मध्ये त्यांना काय दिसलं देव जाणे, पण त्या अशा ओरडल्या की परसातले पुरुष दचकले.

"सरवर! अरे मेल्या, पुलाव काय ढवळत बसलास! गाडी काढ!"

सरवर हातात झारा घेऊनच धावत आला. झारा गाडीत आला. सरवरची ती इवलीशी डमास गाडी, रोज कोकंदच्या रस्त्यावर सवाऱ्या वाहणारी. मागच्या बाकावर मुअत्तरला आडवं केलं, डोकं आपांच्या मांडीवर. गाडी सुसाट निघाली, आणि पहिल्याच थांब्याशी हळू झाली. एका म्हाताऱ्यानं हात केला होता. सवय, दुसरं काय!

"अहो!" मागून आवाज आला. मुअत्तरचा. एवढा मोठा आवाज तिला आहे हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. "मला आधी पोचवा! मग सगळा तालुका बसवा!"

म्हाताऱ्यानं हात खाली घेतला.

प्रसूतिगृहात इकबोल नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आकडा बघितला, लघवी तपासून घेतली, आणि त्यानंतर त्यांच्याभोवती सगळे पळायलाच लागले. दारात उभ्या सरवरला त्यांनी एका दमात सांगितलं, "प्रीएक्लॅम्पसिया आहे. गरोदरपणातलं प्रेशर, पण साधं नाही. मूत्रपिंडावर, यकृतावर, मेंदूवर येतं. कधीही झटके येतील. झटके आले तर आई जाऊ शकते, मूल जाऊ शकतं, दोघंही. आणायला उशीर केलात."

"घरी पाहुणे होते," सरवर म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या हातातल्या झाऱ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं सलाइन लावलं. ते शिरेत शिरलं तसं मुअत्तरला वाटलं, आपल्या आत कुणी तंदूर पेटवलाय आणि आता भिंतीला नान चिकटवतील. जीभ जड झाली. खोलीतला दिवा विझवलेला, कारण उजेडही नको होता. पोटाला पट्टा बांधून मुलाचे ठोके मोठ्यानं ऐकवणारं यंत्र लावलं होतं. ठोके होते. भरभर, बारीक, धावत्या कोकरासारखे. ती तेवढेच ऐकत पडली. मध्ये ते जरा मंदावत तेव्हा ती स्वतःचा श्वास धरून ठेवी. जणू आपण घेतला नाही तर त्याला जास्त मिळेल.

"डॉक्टर," ती जड जिभेनं म्हणाली, "मी झोपले तर उठेन ना?"

"त्यासाठीच तर मी जागी आहे," इकबोल म्हणाल्या. "तू झोप."

ती झोपली नाही. पण डोळे मिटले.

प्रेशर औषधांना दाद देईना. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी. दोन किलोसुद्धा नाही. रडली मात्र अशी, की एवढ्याशा देहात हा आवाज कुणी ठेवला असं वाटावं. दाखवली न दाखवली आणि काचेच्या पेटीत नेली.

प्रसूतिगृहात नातेवाइकांना आत सोडत नाहीत, म्हणून सगळे खिडकीखाली उभे राहून वर ओरडतात. मुअत्तरच्या खिडकीखाली तर संसदच भरली. विषय होता, हे झालं कशानं.

"मीठ!" होसियत आपा म्हणाल्या. "लोणचं किती खायची!"

"नजर," सरवरच्या आत्या म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, नानासारखा चेहरा म्हणू नका."

"भरतकाम," शेजारीण म्हणाली. "गरोदर बाईनं गाठी मारायच्या नसतात."

"थंड फरशी," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी थंड फरशी म्हणतंच.

वरून खिडकी उघडली. डॉक्टर इकबोल. "मिठानं नाही, नजरेनं नाही, गाठींनी तर नाहीच. नेमकं कशानं होतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण मोजलं तर वेळेवर कळतं, तेवढं ठाऊक आहे."

"पण मोजायचं कुणी?" आत्यांनी भाबडेपणानं विचारलं.

सगळी संसद होसियत आपांकडे वळली. आपा समोरच्या तुतीच्या झाडाकडे बघायला लागल्या. झाड चांगलं होतं.

मूल झालं म्हणजे दुखणं गेलं, असा सगळ्यांचा समज होता. मुअत्तरचाही. पण हे दुखणं मोठं चिवट. पाचव्या दिवशी प्रेशर पुन्हा उसळलं, डोक्यातली कढई पुन्हा वाजायला लागली, आणि घरी जायला निघालेली पिशवी पुन्हा कॉटखाली गेली. शेवटी सोडलं ते अटी घालून. गोळ्या रोज, चुकवायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ मोजायचं. डोकं दुखलं, ठिणग्या दिसल्या, तर पाहुणे असोत नसोत, सरळ इकडे यायचं. मुलगी मात्र अजून पेटीतच.

घरी आली तर पुढे चिल्ला. बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस. बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, परक्याचं तोंड बघायचं नाही. आणि मुअत्तर तर टाके सांभाळत, बाटलीत दूध घेऊन, रोज डमासमध्ये बसून प्रसूतिगृहात जायला लागली. मोहल्ल्यानं तोंडात बोटं घातली.

"चिल्ल्यात कुणी बाहेर पडतं का?" आपा म्हणायच्या.

"मूल पण चिल्ल्यात बाहेरच आहे ओयी," मुअत्तर म्हणाली. हे तिनं मनात म्हटलं की मोठ्यानं, ते आपांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

आरशात तिला स्वतःचा चेहरा परत मिळायला लागला. सूज उतरली, अंगठी आपोआप निघाली. पण भीती काही उतरेना. पांढऱ्या भिंतीकडे ती रोखून बघायची, ठिणगी दिसते का. दिसली नाही तरी पुन्हा बघायची. सरवर विचारायचा, "काय बघतेस?" ती म्हणायची, "भिंत." तो बिचारा भिंतीला पोपडे आलेत का ते बघून जायचा.

अखेर मुलगी घरी आली. धुरी दिली, पाळणा टांगला, मोहल्ला दारापर्यंत येऊन परत गेला. आणि तेव्हाच खिडकीतलं गोळ्यांचं पाकीट नाहीसं झालं.

"त्या गोळ्यांनी दूध कडू होतं," आपांनी शांतपणे सांगितलं. "आता पोर घरात आली, संपलं तुझं दुखणं. गोळ्या म्हाताऱ्यांनी खायच्या."

"डॉक्टर म्हणाल्या, या गोळ्या दुधाला चालतात."

"डॉक्टरांना किती मुलं आहेत?"

एक दिवस गेला तसाच. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळामागे ठोका पडला. एकच. मुअत्तर ऐकत राहिली, दुसरा पडतो का.

नेमक्या त्याच दुपारी बारशाची बोलणी निघाली. आपा पाळण्यापाशी बसल्या होत्या, आवाज मऊ झाला होता त्यांचा. "हिचं नाव तुर्सुनाय ठेवू," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीचं होतं. मरता मरता वाचलेल्या लेकराचं हेच नाव ठेवतात. राहो, असा अर्थ. रोज हाक मारायची, राहा गं, राहा. मग ते राहतं."

मुअत्तरनं पाळण्याची दोरी सोडली. "ओयी, ती राहिलीय. घरी सोडतानाच डॉक्टर म्हणाल्या, छान आहे, वजन वाढतंय. हिचं नाव मी लोबार ठेवणार. जिला अजून राहायचंय ती मी आहे. कालपासून माझ्या पोटात गोळी नाही, आणि आता डोक्यात वाजायला लागलंय. तुम्हाला 'राहा' म्हणायचंच असेल, तर मला म्हणा. ते नाव मला ठेवा."

एवढं लांबलचक त्या घरात आजवर कुठली सून बोललेली नव्हती. शोइरा दारात परात घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. आपांचे ओठ हलले. दात दिसले नाहीत. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या, दुलयांच्या चळतीपाशी गेल्या, मधल्या कुठल्याशा घडीत हात घालून पाकीट काढलं. मग वरून मखमलीची पिशवीही काढली. टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला नाही. कोंबड्या घरभर होत्या, त्याही राहू दिल्या. सुनेच्या दंडाला पट्टा त्यांनी स्वतः बांधला.

एकशेअठ्ठावन्न.

"पाणी आण गं," आपा शोइरावर खेकसल्या. मग गोळी मुअत्तरच्या तळहातावर ठेवत, दुसरीकडे बघत म्हणाल्या, "घे, तुर्सुनाय."

मुअत्तरला वाटलं, टोमणा आहे. होताही थोडासा. पण संध्याकाळी पुन्हा तेच, "तुर्सुनाय, हात पुढे कर." सकाळी पुन्हा, "तुर्सुनाय, गोळी." हळूहळू टोमणा झिजला आणि हाक उरली. शेजारणींचा गोंधळ व्हायचा. त्या पाळण्यात डोकावून "काय गं तुर्सुनाय" म्हणायच्या, आणि आपा म्हणायच्या, "ती लोबार. तुर्सुनाय चुलीपाशी आहे." दरम्यान बिबिसोरा आपा दुसरी नानांची जोडी घेऊन आल्या, नान मोडला गेला. त्या दिवशी चहा सरवरनं ओतला आणि तोही वाईटच ओतला, पण पुरुष असल्यामुळे त्याचा कुणाला अपमान वाटला नाही.

बैठकीत आता आपांचं आसन आणखी वर गेलं होतं. "एकशेनव्वद!" त्या बोट नाचवत सांगायच्या. "आमच्या घरात. चोविसाव्या वर्षी." ज्या बायका आजवर दीडशेवर मिरवत होत्या त्या गाजरं वेचायला लागल्या. पण सांगून झाल्यावर आपा एक गोष्ट नवीन करायच्या. बैठकीत कुणाची सून गरोदर असली तर तिला हाक मारून बसवायच्या आणि पट्टा बांधायच्या. आधी तिचं, मग स्वतःचं.

हिवाळा सरता सरता डॉक्टर इकबोलनी मुअत्तरला तपासून गोळ्या थांबवल्या. प्रेशर उतरलं होतं, लघवी स्वच्छ होती. "पण मला विसरू नकोस," त्या म्हणाल्या. "अधूनमधून मोजत राहा, आयुष्यभर. आणि दुसऱ्या वेळी पहिल्याच महिन्यात ये. पोट दिसायची वाट बघू नकोस."

घरी येऊन मुअत्तरनं आपांना सांगितलं. आपांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, "नक्की थांबवल्या? तूच नाही ना थांबवल्यास?" मग "हं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुअत्तर लोबारला पाजत बसली होती. बाहेरून आपांचा आवाज आला, खणखणीत.

"मुअत्तर! अगं मुअत्तर! ऊन यायची वेळ झाली, फाटकापुढचा रस्ता कोण झाडणार? लोक काय म्हणतील, या घरात सून आहे की नाही?"

इतकं निरोगी वाक्य तिनं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"झाडते ओयी," ती म्हणाली, आणि पोरीचं पोट भरेपर्यंत जागची हलली नाही.